बंद केलेला भोंगा

मामा : या कादंबऱ्यांबद्दल माझी पहिली तक्रार ही, की त्यांत निकाल आधी लागतो आणि सुनावणी नंतर होते. ऑर्वेल घे, हक्सले घे, झाम्यातिन घे. व्यवस्था म्हटली की भिंतीवरचा डोळा, अपरात्री वाजणारं दार, नावाऐवजी नंबर. स्वातंत्र्य म्हटलं की एक तरुण, एक तरुणी आणि चोरून लिहिलेली वही. असं मांडल्यावर व्यवस्थेचं वकीलपत्र कोण घेणार? हक्सलेच्या जगात कोणी उपाशी नाही, युद्ध नाही, म्हातारपणाचे हाल नाहीत. वाचक हे पन्नास पानांत विसरतो, कारण लेखकाला तेच हवं असतं. माझी सगळी नोकरी भेलमध्ये झाली. आमच्याकडे व्यवस्था म्हणजे काय, तर दुरुस्तीला माणूस आत गेला की स्विचला कुलूप, किल्ली त्याच्याच खिशात आणि कुलपावर पाटी, की आत माणूस आहे. त्या पाटीवर कोणी कादंबरी लिहीत नाही. आणि भोपाळमध्ये राहून निदान तू तरी मला सांगू नकोस, की आपलं दुःख व्यवस्था जास्त झाल्याचं आहे. 2 डिसेंबर 1984 च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यात 610 नंबरच्या टाकीत पाणी शिरलं. तेव्हा त्यातलं मिक, म्हणजे मिथाइल आयसोसायनेट, थंड ठेवणारं यंत्र कित्येक महिने बंद होतं. निसटलेला वायू धुऊन काढणारा स्क्रबर तयार नव्हता. राहिलेला वायू जाळून टाकायला जो फ्लेअर टॉवर होता, त्याचा पाइप काढून ठेवलेला. 40 टनांच्या आसपास वायू शहरावर गेला. यात तुझा बिग ब्रदर कुठे आहे? त्या रात्री बघणारंच कोणी नव्हतं, हीच तर रड आहे. पुस्तकाचं नाव ‘1984’ आणि आपलं साल 1984, हा योगायोग लोक फार कौतुकानं सांगतात. मला तो दिशाभूल करणारा वाटतो.

भाची : योगायोग सोडून देऊ. पण बघणारं कोणी नव्हतं, हे पटत नाही. भोंग्याचं घ्या. कारखान्यात धोक्याचा भोंगा होता. त्या रात्री तो वाजलाही, आणि थोड्याच वेळात बंद केला गेला. कोणाच्या हलगर्जीपणानं नाही, ठरलेल्या पद्धतीनं. किरकोळ गळतीला शेजारच्या वस्त्यांची झोप उडू नये, लोक बिथरू नयेत, म्हणून कामगारांसाठीचा इशारा आणि वस्तीसाठीचा भोंगा वेगळे केलेले होते. म्हणजे टाकी थंड ठेवण्यात ढिलाई आणि लोकांना शांत ठेवण्यात मात्र चोख शिस्त. तो भोंगा सलग वाजायला लागला तोवर जयप्रकाश नगर, काझी कॅम्प, छोला इथली माणसं उठून पळत सुटली होती, आणि कित्येक जण वारा जिकडे जात होता तिकडेच पळत होते. तोंडावर ओलं फडकं धरा, वाऱ्याला आडवे जा, एवढं सांगितलं असतं तरी किती जीव वाचले असते! हमीदिया रुग्णालयातल्या डॉक्टरांना कंपनीकडून काय कळलं, तर हा वायू अश्रुधुरासारखा, डोळे धुवा. मामा, ही अव्यवस्था नाही. कोणाला किती कळू द्यायचं, याचा बंदोबस्त आहे. कादंबऱ्या त्याच बंदोबस्ताबद्दल बोलतात.

मामा : मग झाम्यातिनकडे जरा उलटीकडून बघ. त्याच्या राज्यात सगळे काचेच्या घरात राहतात. पडदा ओढायचा तर चिठ्ठी लागते. तुम्ही ते वाचून शहारता. मला वाटतं, कार्बाइडचा कारखाना काचेचा असता तर! 1981 च्या डिसेंबरात फॉस्जीनच्या गळतीनं एक कामगार मेला. 1982 मध्ये खुद्द अमेरिकेहून कंपनीचं पथक आलं आणि धोक्यांची यादी लिहून गेलं. ती यादी कपाटात राहिली. माणसं कमी केली, प्रशिक्षण कमी केलं, थंडाव्याचा खर्च वाचवला, आणि हे सगळं कंपनीनं आपल्या मर्जीनं केलं. मर्जी म्हणजे स्वातंत्र्यच ना? तुमच्या कादंबरीत स्वातंत्र्य नेहमी एका दुबळ्या, प्रेमात पडलेल्या माणसाचं असतं. प्रत्यक्षात ते ज्याच्याकडे पैसा आहे त्याला आधी मिळतं. या कादंबऱ्या वाचून वाढलेला माणूस निरीक्षक दारात आला की त्यालाच हुकूमशहाचा दूत समजतो.

भाची : काच हवी, पण कोणत्या बाजूनं? झाम्यातिनच्या शहरात खालचे सगळे दिसतात आणि वर बसलेला दिसत नाही. तुम्ही म्हणता ती काच उलटी लावलेली आहे. तिला मी कशाला नको म्हणू? तुम्ही तर माझ्याच बाजूनं बोलताय.

मामा : इतकी घाई करू नकोस. काच होती, लहानशी का होईना. राजकुमार केसवानींनी 1982 मध्ये ‘रपट’ नावाच्या आपल्या छोट्या साप्ताहिकात एकामागून एक लेख लिहिले, की हे शहर ज्वालामुखीच्या तोंडावर बसलंय. 1984 च्या जूनमध्ये ‘जनसत्ता’त पुन्हा लिहिलं. त्यांना कोणी तुरुंगात टाकलं नाही, अंक जप्त केले नाहीत. आणीबाणी संपून वर्षं झाली होती, वृत्तपत्रं मोकळी होती, विधानसभा भरत होती. विधानसभेत प्रश्नही आला आणि काळजीचं कारण नाही असं उत्तर मिळालं. ब्रॅडबरीच्या कादंबरीत अग्निशामक दलाचे लोक पुस्तकं जाळतात. आपल्याकडे जाळायची गरजच पडली नाही. लिहिणाऱ्यानं लिहिलं, छापणाऱ्यानं छापलं, आणि शहर आपल्या कामाला लागलं. मग त्या स्वातंत्र्यानं काय साधलं? केसवानींच्या लेखाला हातपाय नव्हते. हातपाय असतात ते एखाद्या कंटाळवाण्या खात्याला. ज्याच्याकडे नियमांचं पुस्तक असतं, कारखान्याला टाळं ठोकायचा अधिकार असतो आणि ते ठोकायची हिंमत असते.

भाची : हे मला टोचतं, नाकारत नाही. ब्रॅडबरीनंही तेच म्हटलंय, फक्त ते कोणाच्या लक्षात राहत नाही. त्याच्या कथेत आधी लोकांनीच वाचणं सोडलेलं असतं, जाळपोळ मागाहून येते. पण तुमच्या त्या खात्याला हिंमत कुठून येते, ते सांगा. कार्बाइडला हा माल इथे बनवायचा परवाना ऑक्टोबर 1975 मध्ये मिळाला. म्हणजे ऐन आणीबाणीत. विनोबांच्या तोंडचं ‘अनुशासन पर्व’ तेव्हा भिंतीभिंतींवर रंगवलेलं होतं. कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात त्याच वर्षी दुर्गाबाई भागवत उभ्या राहून बोलल्या आणि पुढे तुरुंगात गेल्या. गाड्या वेळेवर धावत होत्या, असं तुम्हीच नेहमी सांगता. त्या शिस्तीला दाट वस्तीशेजारी असा कारखाना नको, हे का सुचलं नाही? कारण विचारायला कोणी मोकळं नव्हतं. प्रश्न विचारायची सवय तुटली की ती साल बदलल्यावर आपोआप परत येत नाही.

मामा : परवान्याची फाइल आणीबाणीच्या आधीपासून फिरत होती. सगळं पाप त्या एकवीस महिन्यांवर ढकलू नकोस. कीटकनाशक तेव्हा सगळ्यांनाच हवं होतं, हरितक्रांतीचे दिवस होते. विरोधकांचं सरकार असतं तरी परवाना मिळालाच असता.

भाची : मान्य. मग आणीबाणी ठेवू बाजूला. 1985 मध्ये तर लोकशाही होती. मार्चमध्ये संसदेनं कायदा केला, भोपाळ वायुगळतीच्या दाव्यांबद्दलचा. त्या कायद्यानं प्रत्येक पीडिताच्या वतीनं दावा लावायचा हक्क एकट्या केंद्र सरकारकडे गेला. सरकार पालक, आणि सगळं शहर त्याचं अज्ञान मूल. ऑर्वेलच्या पक्षानं माणसाचं मन ताब्यात घेतलं. आपल्या सरकारनं त्याचं गाऱ्हाणं ताब्यात घेतलं, आणि तेही प्रेमानं. ज्याची बायको गेली, ज्याला चार जिने चढता येत नाहीत, त्याला कोर्टात स्वतःच्या नावानं उभं राहायची सोय उरली नाही. हे मी कोणत्याही कादंबरीत वाचलेलं नाही. कादंबरीकाराला हे सुचलं असतं तर संपादकानं फार सरळसोट म्हणून काढून टाकलं असतं.

मामा : थांब. तो कायदा का आला, तेही सांग. अजून प्रेतं उचलली जात होती तेव्हा अमेरिकेतले वकील विमानं भरभरून इथे उतरले. झोपडपट्टीत फिरून इंग्रजी कागदांवर अंगठे घेत होते. नुकसानभरपाईतला त्यांचा हिस्सा त्या कागदात लिहिलेला. ज्याला अक्षर वाचता येत नाही, त्याच्या अंगठ्याला तू स्वातंत्र्य म्हणतेस? कार्बाइडसारख्या कंपनीपुढे एकेकटा माणूस उभा राहिला असता तर तिनं एकेकाला गाठून दहा-दहा हजारांत मिटवलं असतं. सगळे एकत्र आणायचे तर कोणीतरी मोट बांधायला हवी होती. 1986 मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायाधीश कीनन यांनी खटला भारतात परत पाठवला. त्यानंतर सरकार पाठीशी नसतं तर लढणार कोण होतं?

भाची : मोट बांधायला हरकत नव्हती. पण ज्यांची मोट बांधली त्यांना विचारायचं तर होतं! सरकारनं दावा लावला सुमारे 330 कोटी डॉलर्सचा. फेब्रुवारी 1989 मध्ये सर्वोच्च न्यायालयात तडजोड झाली 47 कोटींवर. एकाही पीडिताला विचारलं नाही. फौजदारी खटलेही त्याच फटक्यात रद्द झाले, ते 1991 मध्ये पुन्हा उघडावे लागले. आणि पालकाबद्दल एक बारीक गोष्ट सांगते. कार्बाइडच्या भारतीय कंपनीत सरकारी वित्तसंस्थांचे शेअर होते, वीस टक्क्यांहून अधिक. म्हणजे पालक थोडासा प्रतिवादीच्या बाकावरही बसलेला होता. 1989 च्याच डिसेंबरात न्यायालयानं तो दाव्यांचा कायदा वैध ठरवला. पीडितांचं आधी ऐकायला हवं होतं, हेही मान्य केलं. आणि मग म्हटलं काय, तर मोठं भलं करायचं असेल तर कधीकधी थोडं चुकीचं वागण्याची मुभा असते. पाच न्यायमूर्तींच्या पीठाच्या निकालातलं हे वाक्य आहे, मामा. तुमच्या व्यवस्थेचा सगळा युक्तिवाद त्यात आहे.

मामा : त्यात लाजण्यासारखं मला काही दिसत नाही. प्रत्येक सरकार रोज हेच करतं.

भाची : रोज करतं म्हणूनच विचारायचं, की ते थोडं चुकीचं दर वेळी कोणाच्या वाट्याला येतं. बहुतेक पीडितांच्या हाती पहिल्यांदा 25,000 रुपये पडले. त्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या, कार्डं, त्या रात्रीची एखादी दवाखान्याची चिठ्ठी. वायूतून पळताना चिठ्ठी जपून ठेवली होती का, हे विचारणारा कारकून काही राक्षस नव्हता. नियमानंच विचारत होता. बरं, व्यवस्था नुसतीच ढिली होती असंही नाही. सोडियम थायोसल्फेटची इंजेक्शनं देणाऱ्या लोकांच्या दवाखान्यावर जून 1985 मध्ये पोलिसांनी छापा घातला. त्या वेळी तिचे हात बरोबर पोचले.

मामा : इंजेक्शनवरून डॉक्टरांत खरोखर मतभेद होते.

भाची : होते. मग छापा कशाला? मतभेद मिटवायला पोलीस लागत नाहीत. मला यात तेंडुलकरांचा ‘घाशीराम’ दिसतो. आपण परदेशी कादंबऱ्या घेऊन बसलो, पण मराठीत हे 1972 मध्येच रंगमंचावर आलं होतं. रात्री बाहेर पडायला परवाना, घरात पाहुणा आला तर परवाना. कोतवालाला पुण्यात शिस्त आणायची असते, आणि ती तो आणतोही. पण नाटकाची मख्खी शेवटी आहे. लोक खवळतात तेव्हा नाना फडणवीस घाशीरामाला त्यांच्या हवाली करतो आणि स्वतः मोकळा राहतो. 7 डिसेंबर 1984 ला अँडरसन भोपाळला आला, अटक झाली, त्याच दिवशी जामीन मिळाला आणि सरकारी विमानानं दिल्लीला गेला. जून 2010 मध्ये शिक्षा झाली ती इथल्या सात जणांना, दोन-दोन वर्षं. ऑर्वेलचा पक्ष निदान स्वतः कोठडीत येऊन बसतो. आपल्या शोकांतिकेत नाना कधी कोठडीत येतच नाही.

मामा : हे मला खोडता येत नाही. पण तू सगळी माणसं दोन रांगांत उभी करतेस, हुकूम देणारी आणि सोसणारी. मधली माणसं बघ ना. त्या रात्री भोपाळ स्टेशनवर उपस्टेशन अधीक्षक गुलाम दस्तगीर ड्यूटीवर होते. फलाटावर प्रवाशांनी भरलेली गाडी उभी. सुटायची वेळ झालेली नव्हती. त्यांनी वरच्यांची परवानगी न घेता ती आधीच सोडली आणि दुसऱ्या स्टेशनांना कळवून येणाऱ्या गाड्या थांबवल्या. तू म्हणशील, नियम मोडला म्हणून माणसं वाचली. मी म्हणेन, सिग्नल होता, टेलिफोन होता, पलीकडे फोन उचलून ऐकणारा माणूस होता, म्हणून वाचली. नियम मोडायलासुद्धा भक्कम व्यवस्था लागते. तुझ्या कादंबऱ्यांत असा माणूस मला दाखव. तिथे नोकर म्हणजे एक तर गुलाम, नाही तर गद्दार.

भाची : हा माणूस त्यांत नाही, खरं आहे. ही त्या कादंबऱ्यांची मोठी उणीव म्हणा. इंद्र सिन्हांच्या ‘अ‍ॅनिमल्स पीपल’मध्ये खौफपूर नावानं आपलंच शहर आहे. 2007 च्या बुकरच्या लघुयादीत होती ती. तिच्यात अशी अधलीमधली माणसं भेटतात, कारण तिनं दुःस्वप्न भविष्यात नेऊन ठेवलेलं नाही. पण दस्तगीरना त्या रात्री काय करावं लागलं, ते बघा. वेळापत्रकावर नाही, स्वतःच्या घशात बसलेल्या खोकल्यावर विश्वास ठेवावा लागला. तेच स्वातंत्र्य मी मागते आहे. अधिकृत सूचना एक सांगत असताना आपल्या नाकावर विश्वास ठेवायचं.

मामा : मग दोन आठवड्यांनंतरचं बोल. दुसऱ्या टाकीत मिक उरलेलं होतं. ते निकामी करायचा सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे कारखाना पुन्हा चालू करून त्याचं कीटकनाशक बनवून टाकणं. 16 डिसेंबरला ते सुरू झालं. शास्त्रज्ञ डॉ. वरदराजन जातीनं हजर, मुख्यमंत्री कारखान्यात, वरून हेलिकॉप्टरनं पाण्याचे फवारे, कुंपणावर ओले पडदे. नाव ठेवलं ‘ऑपरेशन फेथ’. लाखो लोक शहर सोडून पळाले. बस, ट्रक, बैलगाड्या, जे मिळेल ते. आणि काम निर्विघ्न पार पडलं. नाकावर विश्वास ठेवणारे चुकले, शास्त्रज्ञ बरोबर ठरले. तेव्हा साथीत, पुरात, युद्धात प्रत्येकानं आपल्या नाकावर विश्वास ठेवायचा म्हटलं तर कसं चालेल?

भाची : पळालेले चुकले, असं मी म्हणणार नाही. पंधरा दिवसांपूर्वी ज्यांना अश्रुधूर म्हणून सांगितलं, त्यांनी कशाच्या बळावर थांबायचं? शास्त्रज्ञ रसायनशास्त्रात बरोबर होते. लोक अनुभवात बरोबर होते. विश्वासाच्या नावाची मोहीम काढली म्हणून विश्वास तयार होत नाही. आणि साथीचं तुम्ही काढलंतच, तर 2020 ऐका. मार्चमध्ये भोपाळ मेमोरियल हॉस्पिटल, जे गॅसपीडितांसाठीच उभं राहिलं होतं, ते कोविडसाठी घेतलं. तिथल्या पीडित रुग्णांना बाहेर जावं लागलं. शहरातल्या सुरुवातीच्या कोविड मृत्यूंत बहुतेक गॅसपीडितच निघाले. एप्रिलमध्ये आदेश फिरवला. निर्णय घेणारा कोणी दुष्ट नसणार. सगळ्या शहराचं भलं बघत होता. तेच ते, मोठं भलं आणि थोडं चुकीचं. आणि वाट्याला आलं पुन्हा त्याच फुप्फुसांच्या.

मामा : म्हणजे आता तू अर्सुला ल ग्विनच्या ओमेलासवर येणार. सुखी शहर, आणि त्याच्या तळघरात कोंडलेलं एक मूल.

भाची : येणारच होते.

मामा : ती गोष्ट मलाही आवडते, पण तिच्यात एक पळवाट आहे. ज्यांना सहन होत नाही ते शहर सोडून जातात, आणि वाचक त्यांच्या पाठीकडे आदरानं बघत राहतो. मुलाचं काय झालं? ते तळघरातच आहे. आमची भेलची वसाहत, पिपलानी, त्या रात्री वाचली, कारण वारा दुसरीकडे होता. आम्ही ना कोंडलं, ना सोडून गेलो. आम्ही इथेच राहिलो, पेन्शन घेतली. आमच्यासारख्यांबद्दल ती गोष्ट काही बोलत नाही. आणि 337 टन कचऱ्याबद्दलही नाही. चाळीस वर्षं तो कार्बाइडच्या आवारात पडून होता. कोणीतरी तो उचलायला हवा होता की नाही?

भाची : उचलायला हवाच होता. उच्च न्यायालयानं डिसेंबर 2024 मध्ये चार आठवड्यांची मुदत दिली. 1 जानेवारीच्या रात्री बारा कंटेनर बंदोबस्तात धार जिल्ह्यातल्या पिथमपूरला निघाले. तिथल्या लोकांना ते टीव्हीवर कळलं. दोन दिवसांत शहर बंद, रस्त्यावर माणसं, दोघांनी स्वतःला पेटवून घेतलं. मग चाचण्या झाल्या, आणि जूनअखेर सगळा कचरा जाळूनही झाला. उरलेली राख मूळ कचऱ्यापेक्षा वजनाला जास्त भरली आणि तिथेच राहिली. कारखान्याखालची माती आणि पाणी अजून इथेच आहे, ते वेगळंच. भोपाळचं तळघर रिकामं केलं आणि मूल धार जिल्ह्यात नेऊन ठेवलं.

मामा : आता मी तुला एक यादी सांगतो. आधी अंकलेश्वरला न्यायचं ठरलं, गुजरातनं हात वर केले. मग 2011 मध्ये नागपूरजवळ बोरखेडीला, संरक्षण खात्याच्या भट्टीत. महाराष्ट्रानं नाही म्हटलं. मग जर्मनी तयार झाली, 2012 मध्ये. तिथले नागरिक उठले, तीही मागे सरली. या प्रत्येक ठिकाणी लोकांनी आपलं स्वातंत्र्य वापरलं, तू म्हणतेस तसं, आपल्या नाकावर विश्वास ठेवून. आणि प्रत्येक नकारासरशी तो कचरा अशा गावाकडे सरकत गेला, ज्याचा नकार कमी ऐकू येतो. पिथमपूरला हुकूमशाहीनं नाही पोचवलं. तीन ठिकाणच्या मोकळ्या माणसांनी पोचवलं. तू तेव्हा नागपुरात शिकत होतीस.

भाची : हो. आणि कॉलेजच्या दारात निवेदन फिरत होतं, त्यावर मी सही केली होती. भोपाळची असून केली. आजही करीन.

मामा : आणि पिथमपूरच्या बाईनं केली तर?

भाची : तिनंही करावी.

मामा : मग कचरा छोल्याच्या हातपंपाशेजारी आणखी चाळीस वर्षं.

भाची : किंवा ज्यांचा आहे त्यांच्याकडे. 2001 पासून कार्बाइड डाऊ कंपनीची आहे.

मामा : ते तू मला गेली कित्येक वर्षं सांगते आहेस. डाऊ ऐकत नाही. सगळ्यांनी सह्या केल्या, डाऊ आली नाही. मग?

भाची : मग कोणाला तरी आदेश काढावा लागेल, हे मी धरून चालते. पण ज्या गावाला तो द्यायचा, त्याला टीव्हीवर कळता कामा नये. आणि आदेश काढणाऱ्यानं भट्टी थंड होईपर्यंत बायकोपोरांसकट त्या गावात मुक्काम करावा.

मामा : असा अधिकारी मी नोकरीत एकही पाहिला नाही.

भाची : मीही नाही पाहिला. सही करताना मला तेवढंच माहीत होतं.

मामा : आणि पिथमपूरचं नाव?

भाची : नाही. ते माहीत नव्हतं. माहीत असतं तर हात थांबला असता का, ते मला सांगता येत नाही.